दारातली जीप आणि हिशेबाची वही

मैत्रिणींनो, मोडलेली वस्तू लगेच टाकून द्यायची नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मिक्सरचं भांडं गळायला लागलं की आपण आधी ब्लेड बदलून आणतो. कुकरची शिट्टी, रिंग, दांडा वेगवेगळा मिळतो हे आपल्याला पाठ असतं. जुन्या नऊवारीची गोधडी होते आणि गोधडी विरली की पायपुसणं होतं. कुठल्या वस्तूवर किती खर्च करायचा आणि कुठल्या वस्तूला आता नमस्कार करायचा, हा निर्णय आपण घरात रोज घेत असतो. आणि बऱ्याचदा तो बरोबरही निघतो.

पण तीच आपण, दारातल्या गाडीचा विषय निघाला की मात्र चहा ठेवायला आत जातो! गाडी म्हणजे पुरुषांचा प्रांत. घरधनी, मिस्त्री आणि शोरूममधला टाय लावलेला मुलगा, हे तिघं मिळून काय ते ठरवणार. आपल्याला कळतं ते शेवटी. कर्जाच्या कागदावर 'सहअर्जदार' म्हणून सही करायची वेळ येते तेव्हा. नाहीतर, "पाटल्या जरा काढून दे गं, सहा महिन्यांत सोडवून आणतो," असं ऐकू येतं तेव्हा.

म्हणून आज मुद्दाम या विषयावर लिहायचं ठरवलं आहे. जुनी जीप दुरुस्त करायची की काढून नवी घ्यायची, हा प्रश्न आमच्या घरात वर्षभर चालला. आमच्यासारखीच कितीतरी घरं आपल्या जिल्ह्यात आहेत.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात जीप ही काही चैनीची गोष्ट नव्हे. शहरापासून पूर्वेला गेलात तर सपाट, उसाचा मुलूख. पण पश्चिमेला वळलात की गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड हे सगळे तालुके सह्याद्रीला टेकलेले. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्याचं वर्णन सांगायला नको. चार महिने लाल मातीचा नुसता गिलावा होतो. तिथल्या वाड्यावस्त्यांवर एसटी पोचत नव्हती, तेव्हा माणसं, दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं, बाजाराची पोती असं सगळं जीपनंच वाहिलं. 'वडाप' हा शब्द आपल्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत आहे. मागच्या बाकावर पाच जणींच्या मध्ये पिशवी मांडीवर घेऊन आपण सगळ्याच कधी ना कधी बसलो आहोत.

या जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकन सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी ती लाखांनी बनवली. चिखल, वाळू, डोंगर, काहीही असो, थांबायचं नाही, एवढंच तिचं काम. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि बघता बघता ती खेड्यापाड्यात पोचली. जंगल खात्याकडे जीप, सहकारी संस्थेकडे जीप, साखर कारखान्याच्या शेती खात्याकडे जीप. निवडणुकीचा कर्णाही जीपवरच!

आता 'फोर-व्हील' म्हणजे नेमकं काय, हे थोडं समजून घेऊ. चाकं तर सगळ्याच मोटारींना चार असतात. पण साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते, बाकीची दोन नुसती फिरतात. फोर-व्हील जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. तो ओढला की पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद जाते. बैलगाडी रुतली की मागून रेटणारे असतातच, पण पुढून दोघं ओढायला लागली की ती निघते ना? तसंच. त्याच दांड्यावर एक 'लो'ची जागा असते. तिथे गाडी हळू चालते, पण जोर वाढतो. हा दांडा चिखलासाठी, निसरड्या चढासाठी. अशा जुन्या जीपमध्ये कोरड्या डांबरी रस्त्यावर तो घालून गाडी पळवली तर पुढचे-मागचे जॉइंट एकमेकांशी झगडतात आणि झिजतात. पुढचे क्रॉस आणि गिअरपेटी लवकर जाण्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं. गाडी चालवणाऱ्याला हे विचारून बघा. कधीकधी उत्तर ऐकण्यासारखं असतं!

आमची जीप २००३ सालची. सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. गगनबावड्याकडे आमची थोडी शेती आहे, आणि त्याच पट्ट्यातल्या वाड्यांवर माझं बचत गटांचं आणि आरोग्याचं काम चालतं. त्यामुळे शेतीची खतं-बियाणं आणि माझी कामं, दोन्हीला ही एकच गाडी. वर्षाला सहा हजार किलोमीटरच्या वर ती फिरत नाही. पण जिथे फिरते तिथे दुसरं काही जात नाही.

प्रश्न खरा ऐरणीवर आला २०२५ च्या जुलैमध्ये. एका वाडीवरच्या पहिलटकरणीला कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लागला, रुग्णवाहिका निघालीही. पण ती येणार डांबरी रस्त्यापर्यंत. वाडीपासून डांबरीपर्यंत अडीच-तीन किलोमीटर कच्चा उतार-चढ, आणि वर धो धो पाऊस. आमची जीप गेली. मुलीला मागं झोपवलं, तिची सासू आणि आशाताई शेजारी बसल्या. निम्म्या वाटेतल्या चढावर क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही! जळक्या क्लचचा तो वास मला अजून आठवतो. शेवटी चौघांनी घोंगड्याची झोळी केली आणि उरलेला दीड किलोमीटर तिला चालत नेलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण त्या दीड किलोमीटरात तिच्या सासूनं माझा हात जो धरून ठेवला होता, त्या हातानं मला घरी आल्यावर झोप लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरात तीन पक्ष झाले. पुण्याला नोकरी करणारा मुलगा म्हणाला, "आई, बाबांना सांग, ते डबडं विका. आता सगळं ईएमआयवर मिळतं." यजमान म्हणाले, "नानांची आठवण आहे ती. मी असेपर्यंत दारात राहणार." आणि उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींचं म्हणणं, "वैनी, इंजिनात लई जीव हाय अजून. क्लच, गिअरपेटी, पाटे, ब्रेक सगळं करून देतो. धा वर्सं बघायला नको."

गंमत बघा, तिघांचंही बोलणं मनापासूनचं होतं. पण हिशेब कुणाकडेच नव्हता. एकाकडे हौस, एकाकडे माया आणि एकाकडे धंदा! मग मी दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि तीन प्रश्न मांडले.

पहिला प्रश्न : हाडं शाबूत आहेत का?

माणसाचं कातडं सुरकुतलं म्हणून माणूस आजारी नसतो. गाडीचंही तसंच. पत्रा कुजला, रंग उडाला, सीट फाटली तर ते वरचं दुखणं. इंजिन, क्लच, गिअर ही आतली दुखणी, पण बरी होणारी. खरी गोष्ट आहे ती चेसी. म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, ज्यावर इंजिनापासून बॉडीपर्यंत सगळं बसवलेलं असतं. डोंगरातला चिखल चेसीच्या खाचांत बसतो, तो धुतला जात नाही, ओल धरून ठेवतो आणि आतून गंज खातो. पाटे जिथे चेसीला लटकवलेले असतात ती जागा सगळ्यात आधी जाते. मिस्त्रीला गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घ्यायला सांगा आणि स्वतः खाली उतरून बघा. साडी खोचून मी उतरले होते! छोट्या हातोडीनं ठोकत गेलं की चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं भदभद वाजतं आणि पापुद्रे सुटतात. पूर्वी कुठे वेल्डिंगचे तुकडे जोडलेत का, तेही दिसतं.

चेसी ठिकठिकाणी कुजली असेल तर पुढचा हिशेब करायचाच नाही. मग कितीही प्रेम असो, त्या गाडीवर खर्च म्हणजे चाळणीत पाणी. भुदरगडकडच्या माझ्या ओळखीच्या एका घरानं दोन वर्षांत इंजिन नवं केलं, सीट नव्या केल्या, झकास रंग दिला. आणि तिसऱ्या वर्षी पाट्याची जागा चेसीतून उचकटली. नशीब की गाडी अंगणात होती.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जुन्या जीपमध्ये एअरबॅग नाही, एबीएस ब्रेक नाहीत, मागच्या आडव्या बाकांना पट्टे नाहीत. आपल्या देशात नव्या मोटारींना एबीएस आणि चालकापुढची एअरबॅग २०१९ पासून सक्तीची झाली. हे दुरुस्तीनं येत नाही. म्हणून ज्या घराची गाडी रोज पुणे-बंगळूर हायवेवर ऐंशीच्या वेगानं पळते, लहान मुलं घेऊन पळते, त्या घरानं जुन्या जीपचा मोह धरू नये. आमची गाडी कच्च्या वाटेवर वीस-पंचवीसच्या वेगानं चालते, म्हणून आमचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

दुसरा प्रश्न : वर्षाला किती?

इथे आपण बायका तरबेज असतो, फक्त आकडे समोर आले पाहिजेत. गॅरेजच्या पावत्या देव्हाऱ्याच्या खणात, डॅशबोर्डमध्ये, यजमानांच्या जुन्या शर्टाच्या खिशात अशा जिथे मिळतील तिथून गोळा केल्या. तीन वर्षांचा खर्च निघाला ३८ हजार, ४४ हजार आणि ७१ हजार. आकडा चढतोय, हे पहिल्यांदाच घरात सगळ्यांनी पाहिलं. मिस्त्रींनी सगळ्या कामाचा लेखी अंदाज दिला, १ लाख ६५ हजार. त्यानंतर वर्षाला ४० हजार किरकोळ खर्च धरला तर पाच वर्षांचे ३ लाख ६५ हजार. म्हणजे वर्षाला ७३ हजार.

आता दुसरी बाजू. आमच्या उपयोगाच्या नव्या फोर-व्हील गाडीचा रस्त्यावर येईपर्यंतचा भाव आम्हाला मिळाला तेरा लाखांचा. तीन लाख रोख, दहा लाख कर्ज. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षं धरली तर हप्ता महिना सुमारे २१ हजार. म्हणजे बँकेला परत करायचे १२ लाख ६० हजार, त्यात २ लाख ६० हजार नुसतं व्याज. रोख धरून गेले १५ लाख ६० हजार. पाच वर्षांनी ती गाडी विकून सात लाख आले असं धरलं, तरी पदरचे गेले ८ लाख ६० हजार. वर्षाला १ लाख ७२ हजार. विमा आणि सर्व्हिसिंग वेगळं.

"पण नवी गाडी अॅव्हरेज जास्त देईल की!" हा मुलाचा मुद्दा. बरोबर आहे. आमची लिटरला दहा देते, नवी तेरा देईल. सहा हजार किलोमीटरला जुनीला ६०० लिटर डिझेल, नवीला साधारण ४६० लिटर. फरक १४० लिटरचा. लिटरला नव्वद रुपये धरले तर वर्षाला १२ हजार ६००. तेवढ्यानं लाखाची तफावत भरत नाही. मात्र जी गाडी वर्षाला तीस हजार किलोमीटर पळते, तिच्या मालकानं हाच हिशेब मांडला तर डिझेलचीच बचत ६० हजारांच्या वर जाईल, आणि उत्तर बदलेल. म्हणून शेजाऱ्याचं उत्तर आपल्या घरी आणायचं नाही. वही शेजाऱ्याची घ्या, आकडे आपले घाला.

सरकारी खर्चही धरायला हवा, कारण याबाबत आपल्याकडे अफवा फार. 'पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात' असं बरेच जण सांगतात. तसं आपल्याकडे नाही. डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांचं जे बंधन ऐकू येतं, तो विषय दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्राचा आहे. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, ती योग्य ठरली तर दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. त्याबरोबर पर्यावरण कर भरावा लागतो. पण नूतनीकरण महाग होत चाललंय, हे खरं. मोटारीसाठी पूर्वी ६०० रुपये असलेली ही फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीला ती १०,००० केली आहे. आमच्या गाडीचं नूतनीकरण २०१८ मध्ये झालं, २०२३ मध्ये झालं, आता पुढचं २०२८ मध्ये. विमा, पीयूसी आणि नव्या पद्धतीची नंबरप्लेट जुन्या गाडीलाही चुकत नाही.

एक दिलासाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. पूर्वी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. मिस्त्रीकडून पक्कं बिल घेताना तेवढी नजर ठेवा.

तिसरा प्रश्न : ही गाडी नक्की कुणाच्या उपयोगाची?

मी यजमानांना विचारलं, "तो छोटा दांडा वर्षातून किती दिवस ओढता?" उत्तर आलं, "असेल, बऱ्याच वेळा." मग वहीच्या मागच्या पानावर लिहायला सांगितलं. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत चौतीस दिवस भरले. त्यातले अकरा दिवस कुणाच्या तरी दवाखान्यासाठी होते.

हा आकडा प्रत्येक घरानं काढावा. कारण पुष्कळ घरांत उत्तर शून्य येईल! राजारामपुरीतून मार्केट यार्डात आणि उन्हाळ्यात गणपतीपुळ्याला जायला फोर-व्हील लागत नाही. तिथे साधी, कमी किमतीची, कमी डिझेल खाणारी गाडी पुरते. दांडा नसलेली. मग जुनी जीप दुरुस्तही करायला नको आणि तेरा लाखांची नवी घ्यायलाही नको. आणि जिथे महिन्यातून दोनदाच गाडी लागते, तिथे भाड्याची बरी. आमच्या बाबतीत अडचण अशी की पावसाळ्यात त्या वाटेला भाड्याची गाडी कुणी घालत नाही, आणि त्यांचंही काही चुकत नाही.

आता मायेचं काय? यजमानांच्या मायेला मी हसले नाही. कोल्हापूरकरांनी तर मुळीच हसू नये. आपल्याकडे शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार येते, तेव्हा लहानथोर माना उंचावून बघतात. राजाराम महाराजांच्या काळातली जर्मन बनावटीची ती गाडी जपली आहे म्हणून आपल्या सगळ्यांना आनंद होतो. पण ती मानाची गाडी आहे. तिच्यावर कुणाची शेती नाही, कुणाचं बाळंतपण नाही. घरातली जीप ही कामाची गाडी. मानाची वस्तू आठवणीसाठी जपायची असते, कामाची वस्तू कामाला येते तोवर. नानांनी ती गाडी घेतली तेव्हा 'अडीनडीला उपयोगी पडावी' म्हणूनच घेतली होती. निम्म्या चढावर थांबणारी गाडी दारात ठेवली तर नानांची कसली आठवण जपली?

आणि कोल्हापुरात राहण्याचा एक फायदा आपल्याला आहे, तो विसरू नये. आपलं उद्यमनगर. शेतीच्या ऑइल इंजिनांच्या आणि मोटारींच्या दुरुस्तीतून इथल्या कारागिरांनी सुटे भाग करायला हात घातला. त्यातून वर्कशॉप उभी राहिली, फाउंड्री वाढल्या, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहती झाल्या. आज मोठमोठ्या वाहन कंपन्यांना इथून कास्टिंग जातं. जो भाग बाजारात मिळत नाही, तो नमुना बघून लेथवर करून देणारा माणूस इथे भेटतो. मोठ्या शहरात जी गाडी 'पार्ट येत नाही' म्हणून भंगारात जाते, ती इथे चालती राहते. हे आपल्या गावाचं धन आहे. त्या कारागिराच्या घरीही चूल पेटते, हेही लक्षात असू द्या.

पण कारागीर चांगला असला तरी व्यवहार चोखच हवा. काम सुरू करण्यापूर्वी अंदाज लेखी घ्या. कुठला भाग कंपनीचा, कुठला लोकल, कुठला जुन्या बाजारातला, हे शेजारी लिहून घ्या. क्लच, ब्रेक आणि स्टिअरिंग यांत लोकल भाग चालवून घेऊ नका, तिथे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. बदललेले जुने भाग बघायला मागा. आणि कामं क्रमानं करून घ्या. आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, मग क्लच-गिअर, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी. आपल्याकडे उलटं होतं. रंग आधी होतो, कारण तो दिसतो!

जी गाडी काढायचीच ठरली, तिच्याबद्दलही दोन शब्द. ओळखीच्या भंगारवाल्याला रोखीनं देऊन मोकळं होऊ नका. कागदावर तुमच्याच घरच्याचं नाव राहतं आणि उद्या त्या नंबरवर काही झालं तर पोलीस तुमच्या दारात येतात. चालती गाडी विकली तर २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून नाव बदललं की नाही, ते बघा. भंगारात द्यायची तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात द्या. तिथे जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. ते दाखवून नवी खासगी गाडी घेताना रस्ता करात सवलत मिळते. केंद्राच्या नियमात ती २५ टक्क्यांपर्यंत देता येते, आपल्या राज्यात किती, ते आरटीओत विचारून घ्या. आणि जुनं डिझेल इंजिन काळा धूर ओकत असेल तर ते आधी नीट करा किंवा गाडी काढा. तो धूर मागच्या बाकावरच्या पोरांच्याच छातीत जातो.

आमचं काय ठरलं? हातोडीच्या परीक्षेत चेसी पास झाली. एका कोपऱ्यात वरवरचा गंज होता, तो घासून रंग दिला. दिवाळीनंतर ब्रेक, क्लच, गिअरपेटी आणि पाट्यांचं काम केलं. रंग केला नाही. पाटल्या कपाटातच राहिल्या, शेतीच्या आणि शिलकीच्या पैशात काम भागलं. पण वहीच्या पहिल्या पानावर तीन अटी आम्ही दोघांनी सही करून लिहून ठेवल्यात. एक, चेसीला वेल्डिंगची वेळ आली की गाडी ठेवायची नाही. दोन, कुठल्याही वर्षी खर्च एक लाखाच्या वर गेला की ठेवायची नाही. तीन, २०२८ च्या नूतनीकरणाआधी पुन्हा खड्ड्यावर घेऊन बघायची आणि तेव्हा नव्यानं ठरवायचं. शिवाय महिना आठ हजारांचं आवर्ती ठेव खातं माझ्या नावानं उघडलंय. कधी ना कधी ही जीप जाणारच. तेव्हा रोख भरायला हात पसरावा लागू नये, म्हणून.

नवीच घ्यायची असं ज्यांच्या घरात चाललंय, त्यांना माझा एक साधा उपाय. जेवढा हप्ता बसणार आहे तेवढी रक्कम सहा महिने आधी दर महिन्याला बाजूला टाकून बघा. शाळेची फी, लग्नाचा आहेर, कुणाचं आजारपण हे सगळं सांभाळून सहा महिने निभावलं, तर खुशाल गाडी घ्या. वर सव्वा लाखाची शिल्लकही हातात असेल. तिसऱ्याच महिन्यात डबा उघडावा लागला, तर उत्तर मिळालं म्हणायचं. बँकेचा माणूस तुमची पगाराची स्लिप बघतो, घरातला आषाढ तो बघत नाही. तो आपल्यालाच माहीत असतो.

आमच्या गटातली एक जण मला म्हणाली, "ताई, गाडीतलं आम्हास्नी काय कळतंय?" मी तिला विचारलं, "पिठाची गिरणी कितीदा टाकीला लावायची आणि कधी दगडच बदलायचा, हे कोण ठरवतं तुमच्या घरात?" ती हसली. गिरणी तीच चालवते.

चेसी, क्रॉस, क्लच हे शब्द चार दिवसांत पाठ होतात. खर्च कुठे थांबवायचा, ही समज मात्र आपल्याकडे आधीपासून आहे. तेव्हा पुढच्या वेळी दारात मिस्त्री येईल तेव्हा चहा जरूर ठेवा, पण कप घेऊन बाहेर या आणि वही उघडून बसा. सही आपली लागते, सोनं आपलं जातं आणि अडल्या वेळी त्या गाडीत आपल्यातलीच एखादी असते. मग निर्णयाच्या वेळी आपण आत का राहायचं?